पक्षाघात आणि हृदयाची अनियमित लय : भिवंडीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पक्षाघात हा मेंदूचा विकार असला तरी त्याचे मूळ पुष्कळदा हृदयात असते. मुंबईत २००५ व २००६ या वर्षांत डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी केलेल्या लोकसंख्याधारित सर्वेक्षणात प्रौढांमध्ये दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५ जणांना प्रथमच पक्षाघात झाल्याचे आढळले. त्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णांत मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला होता, तर जवळजवळ ३० टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. अशा रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अलिंदांचे अनियमित थरथरणे, वेळीच ओळखणे का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गुठळी कशी बनते

निरोगी हृदयात अलिंदे लयबद्ध आकुंचन पावून रक्त निलयांत लोटतात. या विकारात ती केवळ थरथरतात. परिणामी डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या उपांगात रक्त साचून गुठळी बनते व ती रक्तप्रवाहाबरोबर मेंदूच्या धमनीत जाऊन अडकते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासानुसार या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. संधिवातज हृदयरोगाची जोड असल्यास तो सुमारे सतरापट होतो. बालपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर होणाऱ्या संधिवातज ज्वराने द्विदल झडप आकुंचित होते. दाट वस्तीत हा संसर्ग सहज पसरत असल्याने यंत्रमागांच्या या शहरात हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

निदानातील अडचण

हा विकार काही रुग्णांत सतत, तर काहींत अधूनमधून प्रकट होतो. म्हणून दाखल होताना काढलेला एक हृदयालेख सामान्य आला, तरी विकार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. अज्ञात कारणाने पक्षाघात झालेल्या रुग्णांवरील २०१४ मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात नेहमीच्या तपासणीने वर्षभरात २ टक्के रुग्णांत, तर त्वचेखाली बसविलेल्या नोंदयंत्राने सुमारे १२ टक्के रुग्णांत हा विकार आढळला. असे यंत्र सर्वत्र उपलब्ध होणे कठीण आहे. तथापि रोज मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट तपासणे, वारंवार हृदयालेख काढणे व शक्य तेथे २४ तासांची नोंद घेणे, हे मार्ग तुलनेने सुलभ आहेत.

उपचारांची दिशा

निदानावरच पुढील औषध ठरते. धमनीतील मेदसंचयामुळे पक्षाघात झाल्यास ॲस्पिरिनसारखे औषध दिले जाते. परंतु अलिंद थरथरत असल्यास ते पुरेसे ठरत नाही व रक्तगुठळीरोधक औषध लागते. मेंदूत रक्तस्राव नाही याची सीटी स्कॅनने खात्री करूनच, आघाताच्या तीव्रतेनुसार, ते केव्हा सुरू करावे हे डॉक्टर ठरवितात. वॉरफरिनमुळे अशा रुग्णांतील पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने घटतो. मात्र आयएनआर ही रक्तचाचणी वरचेवर करून तिचे मूल्य सामान्यतः २ ते ३ दरम्यान राखावे लागते. २०१० नंतर प्रचारात आलेल्या डॅबिगॅट्रान, अपिक्साबॅन इत्यादी औषधांना ही चाचणी लागत नाही. तथापि संधिवातज झडपविकारात वॉरफरिनच अधिक हितकर असल्याचे २०२२ मधील इन्व्हिक्टस अभ्यासाने दाखविले.

भिवंडीचा प्रश्न

येथील यंत्रमाग कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा येथून आलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. मजुरी कामावर अवलंबून असल्याने दवाखान्यात घालविलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई. रुग्ण गावी परतला की चाचणी व औषध दोन्ही खंडित होतात आणि नेमक्या अशा खंडातच दुसरा आघात संभवतो. यासाठी रुग्णालयातून घरी पाठविताना निदान, औषधाची मात्रा व पुढील चाचणीची तारीख रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहून देणे अगत्याचे आहे.

समारोप

पहिल्या पक्षाघाताने गेलेली हातापायांची शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नाही. दुसरा मात्र बहुतांशी टाळता येतो. नाडीची अनियमितता ओळखणे थोड्या सरावाने साध्य होते. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत वैद्यकीय मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांना हे शिकविता येईल. अनियमित नाडी आढळलेल्या व्यक्तीस हृदयालेखासाठी पाठविणे, एवढे जरी झाले तरी एखादे कुटुंब कमावत्या माणसाच्या कायमच्या अपंगत्वापासून वाचू शकेल.