प्रयोगशाळेतला डॉक्टर

चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव आटोपल्यावर ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला चहाला बसवले. मुलगी एम.बी.बी.एस. झाली, पुढच्या शिक्षणाला नंबरही लागला. पण विषय मिळाला शरीरक्रियाशास्त्र, आणि तिलाही तोच हवा आहे. "साहेब, यात ना दवाखाना, ना पेशंट. एम.आय.डी.सी.त गेलेल्या जमिनीचे पैसे यासाठी घातले का?" असे त्याने विचारले. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित आठवले.

ससून आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? खेड-मावळातले अवघड दुखणे शेवटी तिथेच जाते. ससूनला जोडून असलेल्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ साली कॉलेज झाले. त्या आरंभीच्या वर्षांत प्राचार्य होते डॉ. दीक्षित. पुढे १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, तिचे पहिले संचालकही तेच. एवढ्या मोठ्या संस्थेची पायाभरणी करणारा हा माणूस शरीरक्रियाशास्त्र आणि औषधशास्त्र यांतला संशोधक होता!

एडिंबरोला त्यांनी अॅसिटिलकोलिन नावाच्या द्रव्यावर काम केले. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचवणारे हे द्रव्य. मांजराच्या मेंदूतल्या पोकळीत ते अगदी कणभर सोडले तरी मांजराला झोपेसारखी अवस्था येते, असे त्यांनी १९३४ साली मांडले. याच द्रव्यासंबंधीच्या शोधांबद्दल डेल आणि लोवी या दोघा शास्त्रज्ञांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मांजराच्या झोपेशी शेतकऱ्याचे काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण आपण क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस फवारतो ना? निरोप पोचला की अॅसिटिलकोलिनला मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. ही औषधे नेमके ते विकर बंद पाडतात. किडा त्यानेच मरतो. फवारणाऱ्याच्या अंगात औषध गेले तर त्याच्याही शरीरात हे द्रव्य साचते: तोंडाला लाळ, दरदरून घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग फडफडणे, मग श्वास कोंडणे. डॉक्टर अॅट्रोपिन टोचतात ते या साचलेल्या द्रव्याचा मारा अडवण्यासाठी. हे ज्ञान प्रयोगशाळेत बसलेल्या माणसांनी मिळवले, म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरच्या हाती आले. आमच्या खात्यातही तसेच. बियाणे विकणारा दुकानदार गावाला ठाऊक, वाण काढणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही.

अशी विषबाधा झाली तर कपडे लगेच उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. लिंबू-ताकात वेळ घालवू नये. फवारताना हातमोजे घाला, तोंड झाका, हे मी वीस-पंचवीस वर्षे सांगत आलो. कारण मात्र क्वचितच सांगितले. चूक माझीच.

पुढच्या बाजारवारी तो शेतकरी पुन्हा भेटला, तेव्हा हे सारे त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पोरगी आली की तिलाच बांधावर नेतो. गड्यांना समजावून सांग म्हणतो. माझे कोणी ऐकत नाही."