अंघोळीचे गरम पाणी आणि न दिसणारा वायू

थंडी पडू लागली की बंद न्हाणीघरात गॅस गिझर सुरू ठेवून अंघोळ करताना मृत्यू झाल्याची बातमी हमखास वाचायला मिळते. बातमीत ‘गुदमरून’ असा शब्द असतो. प्रत्यक्षात आपण गुदमरत आहोत, हे त्या व्यक्तीला कळलेलेही नसते.

गॅस नीट जळायला प्राणवायू लागतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो झपाट्याने कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते. पित्त झाले असेल, असे वाटते. मग हातपाय गळतात आणि दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

अशा वेळी दार उघडून रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला या वायूने व्यापलेले रक्तही प्राणवायूयुक्तच वाटते. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर मास्कद्वारे शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही रुग्णालयात नेलेच पाहिजे.

गावाकडचा बंब आणि चूल यांचा धूर दिसतो, एवढाच फरक. घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता.

ज्वाळेविना गरम पाणी

गच्ची हक्काची असेल तर सौर बंब हा सोपा उपाय. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते, गार पाणी खाली उतरते. घरगुती संचाला बहुधा पंपही लागत नाही. दोन-तीन माणसांना १०० लिटरची टाकी पुरते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आत थर साचतो, त्यामुळे सफाई हवी. ढगाळ दिवसांसाठी विजेची सोय आधीच करून ठेवावी. नाहीतर नेमक्या त्याच दिवसांत गॅस गिझर पुन्हा सुरू होतो.

एक सावधगिरी मात्र हवी. या टाकीतील पाणी ६० अंशांच्या वर जाऊ शकते आणि तेवढे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. लहान मुले, वृद्ध आणि पायांची संवेदना कमी झालेले मधुमेही यांच्यासाठी बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम.

गच्ची नसेल तर विजेचा साठवण गिझर किंवा हीट पंप. हीट पंप हवेतील उष्णता पाण्यात ओढतो आणि गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम भागवतो. पहिला खर्च मात्र जास्त.

छतावरची वीज, गोठ्यातला गॅस

एक किलोवॉटच्या सौर पॅनेलमधून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठेवले आहे. मात्र बॅटरी नसलेला संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर रुग्ण असेल तर सिलिंडर किंवा बॅटरी वेगळी ठेवावीच.

गोठा असेल तर गोबरगॅस. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागते. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेले डॉ. मापुसकर यांनी तर शौचालयालाच गॅस संयंत्र जोडले. गावातले जुलाब आणि जंत हटवताना चुलीलाही इंधन मिळाले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हे सारे जमेपर्यंत गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. तोवर पाणी आधी बादलीत भरावे, गिझर बंद करावा आणि मगच दाराला कडी लावावी.