वेबसाइट बदलली की लोक का चिडतात? विकिपीडियाच्या नव्या रूपाची गोष्ट

आपण सगळेच विकिपीडिया वापरतो. मुलांचा प्रकल्प असो की स्पर्धा परीक्षेची तयारी, शोधायला गेलं की पहिल्या चार-पाच दुव्यांत तो असतोच. हा विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो तिचं नाव मीडियाविकी. ती मुक्त स्रोत आहे, म्हणजे तिचा कोड कोणीही पाहू शकतो आणि सुधारू शकतो. अशा प्रकल्पाच्या वेबसाइटचं रूप बदललं की काय होतं, ते आज आपण समजून घेऊ.

१८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी विकिपीडियाला नवं रूप मिळालं. त्याचं नाव 'व्हेक्टर २०२२'. त्याआधीचं रूप २०१० पासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ चालत आलं होतं. नव्या रूपात मजकुराची रुंदी मर्यादित केली, अनुक्रमणिका डाव्या बाजूला कायम दिसेल अशी ठेवली आणि शोधपेटीत चित्रं आणली. विकिमीडिया फाउंडेशनचं म्हणणं असं की, चाचण्यांमध्ये नव्या शोधपेटीमुळे शोध सुमारे ३० टक्के वाढले. तरीही संपादकांमध्ये मोठा वाद पेटला. शेकडो जणांनी मतं मांडली आणि अनेकांनी जुनं रूप परत मागितलं. चर्चेअंती माघार घेण्यावर सहमती झाली नाही आणि नवं रूप राहिलं.

आता प्रश्न असा, की लोक इतके का चिडले?

पहिलं कारण सवय. हुडकेश्वरहून रोज बर्डीला जाणारा माणूस रस्त्यावरच्या पाट्या वाचत नाही. पाय आपोआप वळतात. पाट्या वाचतो तो नवखा. वेबसाइटचं तसंच आहे. नवं रूप नवख्या वाचकाला सोपं जावं म्हणून केलेलं असतं, आणि त्रास होतो रोज तासन् तास काम करणाऱ्या संपादकाला. त्याचा हात ज्या जागी जायचा, तिथली कळच हललेली असते. बरं, चर्चेत बोलतो तोही संपादकच. कोट्यवधी वाचक गप्प असतात. म्हणून नुसती मतं मोजून निर्णय घेता येत नाही, आणि वाचकांच्या नावाखाली संपादकांना बाजूलाही सारता येत नाही.

दुसरं कारण, तक्रारीत खरी माहिती असते. सगळ्यांत मोठी ओरड होती दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या जागेची. ओळ फार लांब असली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना डोळा चुकतो, म्हणून रुंदी कमी ठेवली होती. पण मोठे तक्ते पाहणाऱ्यांची त्यात अडचण झाली. मग रुंदी वाढवायचं बटण दिलं. ज्यांचं खातं नाही त्यांनी निवडलेली रुंदी पुढच्या पानावर टिकत नव्हती. त्यावरही लोक बोलले, तेव्हा ती टिकू लागली.

तिसरं कारण मालकीचं. फुकट श्रम देणाऱ्याला वाटतं, हे घर आपलंही आहे. २०१४ मध्ये जर्मन विकिपीडियावर चित्रं दाखवायच्या नव्या सोयीवरून वाद झाला. तिथल्या प्रचालकांनी ती सोय बंद करायचा प्रयत्न केला, तेव्हा फाउंडेशनने 'सुपरप्रोटेक्ट' नावाचं कुलूप लावलं, ज्यामुळे प्रचालकांनाही तो कोड बदलता येईना. चित्रांचा वाद मागे पडला आणि अधिकाराचा वाद पुढे आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते कुलूप काढावं लागलं. २०२२ च्या वेळी मात्र अनेक महिने आधी चर्चा झाली, आणि खातं असलेल्यांना जुनं रूप निवडायची मुभा ठेवली.

यात आपला मराठी वाचकांचा संबंध कुठे येतो? आपल्यापैकी बरेच जण आधी इंग्रजी पान उघडतात आणि तिथून मराठीकडे वळतात. पूर्वी भाषांची नावं डाव्या बाजूला असायची. नव्या रूपात ती वर, शीर्षकासमोरच्या एका बटणात गेली. बटण दाबल्याशिवाय 'मराठी' हा शब्द डोळ्यांसमोर येत नाही. गंमत बघा, जुन्या जागी एक सूचना लावावी लागली, की भाषा आता वर आहेत. दुकान हललं की जुन्या शटरवर नवा पत्ता चिकटवतात ना, तसंच! मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, पण वाट दिसली नाही तर वाचक तिथे पोचणार कसा?

दुसरी गोष्ट भाषांतराची. नवं रूप आलं की नवी बटणं येतात, नव्या सूचना येतात. त्यांचं मराठी ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. कोणी केलं नाही, तर मराठी पानावर मध्येच इंग्रजी शब्द दिसतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखादी मुक्त स्रोत वेबसाइट बदलली, तर 'जुनंच बरं होतं' एवढ्यावर थांबू नका. कोणतं काम अडलं, कोणत्या पानावर, मोबाइलवर की संगणकावर, मराठी अक्षरं नीट दिसतात का, ते लिहून कळवा. रुंदीचं बटण अशाच नेमक्या तक्रारींतून सुधारलं. आणि एखादी सूचना इंग्रजीत राहिलेली दिसली, तर तिचं मराठी करायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.