ट्रेलर ओढताना गिअरबॉक्सच्या तेलाकडे लक्ष
अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंची गाठतो. पिकअपमागे जड ट्रेलर असला, की या चढावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची खरी कसोटी लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक नसताना त्यातलं तेल घुसळलं जातं. बहुतेक उष्णता तिथेच तयार होते. तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला ठीक असतं, १२०च्या पुढे झपाट्याने खराब होतं. इंजिनाच्या पाण्याचा काटा हे सांगत नाही, म्हणून तेलाचा वेगळा काटा हवाच. तो चढू लागला, तर ट्रेलर ओढण्यासाठीचा टो-हॉल मोड लावा, खालचा गिअर घ्या, वेग कमी करा. तरीही उतरेना, तर सुरक्षित जागी हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. बंद केलंत, तर कूलरकडे जाणारं तेलच थांबतं.