अडीच मिनिटांची शर्यत
(द्वितीय वर्ष, कला)

रेसकोर्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम जुगार उभा राहतो. म्हणूनच गेल्या वर्षी वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारला गेला, तेव्हा मी नुसते 'नोकरी' असे सांगून खाली बसले. माझे वडील शर्यतीच्या घोड्यांचे मोतद्दार आहेत. पावसाळ्यात पुण्याच्या शर्यती असतात. त्या संपल्या की अण्णा घोड्यांबरोबर मुंबईला जातात, ते उन्हाळा लागल्यावरच परततात. माझ्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला ते येऊ शकले नाहीत. ज्या शर्यतीसाठी ही सारी धडपड चालते, त्या 'इंडियन डर्बी'ची माहिती थोडी ग्रंथालयातून व थोडी अण्णांकडून मिळवली. तीच येथे देत आहे.

'डर्बी' हे नाव इंग्लंडमधले. तेथील एप्सम गावी १७८० साली ही शर्यत सुरू झाली. ती बाराव्या अर्ल ऑफ डर्बीच्या नावाने ओळखली जाते. शर्यतीला त्याचे नाव द्यायचे की त्याचे मित्र सर चार्ल्स बनबरी यांचे, हे नाणे उडवून ठरले, अशी आख्यायिका आहे. नाव डर्बीचे लागले, पण पहिली शर्यत मात्र बनबरींच्या 'डायोमेड' या घोड्याने जिंकली! आरंभी अंतर एक मैल होते; १७८४ पासून ते दीड मैल झाले.

या शर्यतीत धावतात ते थरोब्रेड जातीचे घोडे. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत जाऊन पोचते. हे तिन्ही घोडे पूर्वेकडून इंग्लंडात नेलेले. म्हणजे ज्याला आपण 'विलायती घोडा' म्हणतो, त्याचे पूर्वज आपल्याच बाजूचे!

मुंबईत पूर्वी भायखळ्याला शर्यती होत. महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालचे. अरबस्तानातून जहाजाने आलेले घोडे व विलायतेहून आणलेले घोडे मुंबईच्या शर्यतींत धावत. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बाहेरून घोडे आणणे कठीण झाले. त्याच काळात, १९४३ साली, भारतात जन्मलेल्या घोड्यांची पहिली डर्बी झाली. ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने जिंकली. तिच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. पहिला मान घोडीने मिळवला, हे मला विशेष वाटते.

डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. अंतर २४०० मीटर. ती फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजतात, मग शिंगरू जानेवारीत जन्मलेले असो वा एप्रिलमध्ये. त्यामुळे प्रत्येक घोड्याला डर्बीची संधी आयुष्यात एकदाच मिळते. त्या दिवशी पाय लचकला की पुढल्या वर्षी पुन्हा बसायची सोय नाही. आपल्याला निदान ऑक्टोबरची परीक्षा तरी असे!

डर्बीच्या इतिहासात मोठी नावे आहेत. 'स्क्वाँडरर' हा घोडा १९ शर्यतींपैकी १८ जिंकला. जॉकी पेसी श्रॉफ यांनी इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली. पांडू खाडे, वसंत शिंदे ही मराठी नावेही जॉकींमध्ये मानाने घेतली जातात.

पण शर्यत अडीच मिनिटांची असली तरी तिची तयारी अनेक महिन्यांची असते. अण्णा पहाटे साडेतीनला उठतात. तबेला झाडणे, खरारा करणे, दाणा मोजून देणे, पायांना हात लावून कुठे ऊब आहे का ते पाहणे, हे रोजचे काम. सुजेआधी ऊब येते व ती हाताला कळते, असे ते सांगतात. रात्री घोडा दाणा टाकून उभा राहिला, तर ते पहिल्यांदा मोतद्दारालाच समजते.

जुगाराचा प्रश्न मी टाळणार नाही. घोड्यांची शर्यत हा केवळ नशिबाचा नव्हे, तर कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तरीही पगाराच्या दिवशीच रिकाम्या खिशाने परतणारी माणसे मी आमच्या वस्तीत पाहिली आहेत. अण्णांनी मात्र कधी एक रुपयाही लावला नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "पोरी, आपण त्याचंच खातो. त्याच्यावर पैसे कसे लावायचे?"

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या हातचा घोडा डर्बीत धावला. सातवा आला. रात्री त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटले, ते खचले असतील. ते एवढेच म्हणाले, "पाय शाबूत आहेत. दाणा पुरा खाल्ला."

विजेत्यांच्या यादीत घोडा, मालक, ट्रेनर व जॉकी यांची नावे असतात. छायाचित्रात लगाम धरून आणखी एक माणूस उभा असतो. त्याचे नाव मला कोणत्याही यादीत सापडले नाही.

यंदा प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'मोतद्दार' असे लिहिले आहे.