सोपाऱ्याचा शिलालेख आणि इंग्रजीतले अवतरणचिन्ह

नालासोपाऱ्याच्या परिसरातले सगळ्यात जुने लिखित बोलणे सम्राट अशोकाचे आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्यात त्याच्या आठव्या आज्ञापत्राचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा मजकूर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आहे आणि त्यात अवतरणचिन्ह एकही नाही.

तरीही कोण बोलतो आहे, ते वाचणाऱ्याला कळते! हेच नवव्या आज्ञापत्राचे नवल. त्याचा सबंध पाठ गिरनारच्या खडकावर आहे. राजा असे म्हणतो, अशी सुरुवात होते. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना मंगल विधी करतात. पण खरे मंगल म्हणजे सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, असे तो सांगतो. पुढे बापाने, मुलाने, भावाने, धन्याने काय म्हणावे तेही त्यांच्याच तोंडच्या शब्दांत येते. म्हणजे बोलण्याच्या पोटात बोलणे. गिरनारच्या पाठात असे काही उद्गार संपतात तिथे ‘इति’ येते, आणि आज आपण चिन्हावर सोपवतो ते काम हा दोन अक्षरी शब्द करतो.

मराठीनेही पुष्कळ काळ असेच भागवले. ‘असे म्हणाला’, ‘म्हणून सांगितले’, ‘की’ एवढ्यावर संवाद उभा राहत असे. मोडीत तर शब्दही सुटे लिहीत नसत. आजची विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे मोठे श्रेय मेजर थॉमस कँडी यांचे. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० चे.

इंग्रजीत थेट बोलण्याला ‘इति’सारखा शेवटचा शब्द नाही, म्हणून तिथे चिन्हांची शिस्त कडक आहे. विधानानंतर ‘ती म्हणाली’ येणार असेल, तर पूर्णविराम न देता स्वल्पविराम द्यायचा आणि तो अवतरणचिन्हाच्या आत ठेवायचा: “आय ॲम गोइंग टू वसई,” शी सेड. प्रश्नचिन्ह मात्र तसेच राहते: “आर यू कमिंग?” ही आस्क्ड. इथे ‘ही’चे पहिले अक्षर लहानच हवे, कारण वाक्य अजून चालूच आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांना हे मुद्दाम शिकवले पाहिजे. नुसते ‘चुकले’ म्हणून लाल रेघ मारणे मला अन्यायाचे वाटते. आणखी एक नियम असा, की बोलणारा बदलला की परिच्छेदही बदलतो.

बोलण्यातल्या बोलण्यासाठी अमेरिकी छपाईत बाहेर दुहेरी आणि आत एकेरी चिन्ह असते; ब्रिटिश पुस्तकांत बहुधा उलटे. सगळ्यात विलक्षण नियम लांब भाषणाचा. एकाच माणसाचे बोलणे अनेक परिच्छेद चालले, तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह उघडते, पण मिटते फक्त शेवटच्या परिच्छेदाअंती. अशोकाचे नववे आज्ञापत्र इंग्रजीत अमेरिकी रीतीने छापायचे, तर राजाच्या बोलण्याला दुहेरी चिन्हे लागतील, बापलेकांच्या बोलण्याला एकेरी, आणि राजाचे चिन्ह अगदी शेवटच्या ओळीपर्यंत उघडे राहील.