मोठे चाक आणि आसाचे गणित

पवनेच्या काठी, पिंपरीच्या समोर वसलेल्या काळेवाडीच्या नावात वाडी असली, तरी तिचे आजचे जीवन यंत्रांभोवती फिरते. एका अंगास आकुर्डीचे कारखाने आणि दूर उत्तरेस चाकणची मोटारनगरी. सहा दिवस कारखान्यात राबून सातव्या दिवशी आपली जीप मावळाच्या किंवा ताम्हिणीच्या वाटेस लावणारा हौशी मनुष्य या परिसरात विरळा नाही. अशा मनुष्याच्या मनात एक इच्छा केव्हा तरी उद्भवतेच, ती म्हणजे गाडीस मोठे टायर चढविण्याची.

या इच्छेत गैर काही नाही. टायरचा व्यास चार इंचांनी वाढला, तर आस दोन इंच वर उचलला जातो, आणि ज्या खडकावर आसाचा फुगीर पोटभाग आदळत असे, तो खडक खालून निघून जातो. परंतु पहिल्याच घाटात गाडी अडखळू लागते. जी चढण दुसऱ्या गिअरात सहज चढत असे, तिला आता पहिला गिअर लागतो. क्लच तापतो आणि त्याचा जळका वास येतो. इंजिन तेच, वाटही तीच. मग बळ गेले कोठे?

याचे उत्तर खेड्यातील विहिरीवर मिळते. रहाटाच्या ज्या लाकडावर दोर गुंडाळला जातो, ते लाकूड जाड केले तर प्रत्येक फेऱ्यास दोर अधिक वर येतो खरा. परंतु ओढणाऱ्याचे हात लवकर भरून येतात. मोटारीचे चाक म्हणजे असेच एक लाकूड होय. ते मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर तोडते आणि तेवढ्याच प्रमाणात जमिनीवरचा तिचा जोर घटतो. म्हणजे मोठे टायर चढविणाराने नकळत आपल्या गाडीचे सर्वच गिअर बदललेले असतात.

हा तोटा भरून काढण्याची जागा आसातच आहे. इंजिनाकडून आलेला लांब दांडा आसाच्या पोटात एका लहान दंतचक्रास फिरवितो. त्यास पिनियन म्हणतात. पिनियन ज्या मोठ्या चक्रास फिरविते, ते क्राउन. क्राउनच्या दातांस पिनियनच्या दातांनी भागले की आसाचे प्रमाण मिळते. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील, तर प्रमाण ४.१० झाले, अर्थात दांड्याचे ४.१० फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. हा आकडा जितका मोठा, तितका जोर अधिक आणि वेग कमी.

हे प्रमाण कामावरून ठरवावयाचे असते, ही गोष्ट जीपच्या इतिहासातच स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या आसाचे प्रमाण ४.८८ होते. १९४५ मध्ये त्याच कंपनीने शेतकऱ्यांसाठी व नागरिकांसाठी जीप काढली, तेव्हा टायर पूर्वीच्याच मापाचे, म्हणजे ६.००-१६ चे ठेवून आसाचे प्रमाण मात्र ५.३८ केले. रणांगणावर धावणे महत्त्वाचे होते, शेतात नांगर ओढणे. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि महाराष्ट्राच्या घाटवाटांस या वाहनाची ओळख झाली.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहावा. नियम सोपा आहे: जुन्या प्रमाणास नव्या टायरच्या व्यासाने गुणावे आणि जुन्या व्यासाने भागावे. समजा, गाडीचे टायर २९ इंचांचे व आसाचे प्रमाण ४.१० आहे, आणि मालकास ३३ इंची टायर घालावयाचे आहेत. उत्तर सुमारे ४.६७ येते. परंतु दाते अपूर्णांकात कापता येत नाहीत. म्हणून जे जोड मिळतात त्यांतून निवड करावी लागते. याच्या जवळचे दोन जोड म्हणजे ४१ व ९ दातांचा ४.५६ आणि ३९ व ८ दातांचा ४.८८.

यांपैकी कोणता घ्यावा? वरच्या गिअरात दांडा इंजिनाइतकाच फिरतो असे धरले, तर ताशी ८० किलोमीटर वेगास मूळ गाडीचे इंजिन मिनिटास सुमारे २३६० फेरे घेत होते. नुसते मोठे टायर घातल्यास ते २०८० वर उतरते, ४.५६ ने २३१० होते, तर ४.८८ ने २४७०. ज्याचा बहुतेक प्रवास द्रुतगती मार्गावर होतो, त्याने ४.५६ वर समाधान मानावे. जो सामान लादून सह्याद्रीच्या चिखलात उतरतो, त्यास ४.८८ च योग्य. कारण मोठा टायर वजनानेही जड असतो आणि चिखल त्यास धरून ठेवतो. चार चाकांच्या जोडणीतील ‘लो’ गिअर खडकात साह्य करील हे खरे. पण हमरस्त्यावरच्या घाटात तो उपयोगी पडत नाही. तेथे आसाचे प्रमाणच कामास येते.

हिशेबापूर्वी मूळ प्रमाण मात्र खात्रीने माहीत असावे. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांस अटकाव लावावा, गिअर मोकळा ठेवावा, एक मागचे चाक जमिनीवर ठेवून दुसरे उचलावे आणि दांड्यावर व चाकावर खडूची खूण करावी. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरविले असता दांड्याचे जितके फेरे होतील, तितके प्रमाण. टायरचाही नुसता छापील आकडा घेऊ नये. गाडीच्या भाराने टायर दबतो. म्हणून एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते ते जमिनीवर मोजावे.

या बदलास मर्यादाही आहेत. क्राउनचा घेर पूर्वीइतकाच राहत असल्याने प्रमाण वाढविले की पिनियन लहान होते, आणि लहान पिनियन मोठ्या टायरचा धक्का कमी सोसते. पुढच्या व मागच्या आसांचे प्रमाण एकच हवे. एकच आस बदलून टणक जमिनीवर चारही चाके जोडली, तर दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि काही तरी तुटते. जुळणी तर अनुभवी मिस्त्रीनेच करावी. दातांस रंग लावून त्यांची छाप पाहिल्यावाचून बसविलेला जोड थोड्याच दिवसांत रडू लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. ब्रेक चाकापाशी असतो. म्हणून आसाचे दाते कितीही बदलले तरी त्यास लाभ होत नाही. ३३ इंची चाकास थोपविताना तोच ब्रेक जमिनीवर सुमारे बारा टक्क्यांनी दुबळा ठरतो. शिवाय वेगदर्शकाची दुरुस्ती केली नाही, तर मोठ्या टायरमुळे तो ८० दाखवीत असता गाडी ९१ ने धावत असते. घाटाच्या उतारावर या दोन चुका एकत्र आल्या, तर वळण हाती लागेलच असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मूळ रचनेविरुद्ध फेरफारास आडवे येते. यास्तव परिवहन कार्यालयात आधी चौकशी करणे शहाणपणाचे.

प्रत्येक वाढीस नवे दाते लागतात असेही नाही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्स कंपनीची गुरखा गाडी २०२१ मध्ये २४५/७० आर १६ मापाच्या टायरांवर आली, तर २०२४ मध्ये २५५/६५ आर १८ मापाच्या. व्यासातील हा फरक सुमारे पाच टक्क्यांचा. एखाद्या मालकाने आपल्या गाडीत एवढाच फरक केला, तर आसास सहसा हात लावावा लागत नाही. दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यावर मात्र टायरच्या किमतीत दोन्ही आसांच्या दातांचा, मजुरीचा व ब्रेकचा खर्च आधीच मिळवून पाहावा. ती बेरीज झेपत नसेल, तर लहान चाकाची गाडीच घाटातून मालकास सुखरूप घरी आणील.